किंगमनहून दक्षिणेकडे: बर्फ चुकवत फ्रीमाँट ते एडिसन

कॅलिफोर्नियातलं फ्रीमाँट ते न्यू जर्सीतलं एडिसन असं टाकलं की नकाशा आय-८० (‘आय’ म्हणजे इंटरस्टेट, आंतरराज्य महामार्ग) दाखवतो. सुमारे २,९०० मैल, जवळजवळ सरळ पूर्वेला. जुलै असता तर आम्हीही तसेच गेलो असतो. पण निघालो ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात, भाड्याची क्लास सी आरव्ही, म्हणजे आतच राहायची सोय असलेली मोठी गाडी, घेऊन. सोबत साताऱ्याहून आलेले आई-बाबा, आणि दिवाळीला ताईकडे पोहोचायचं.

आय-८० मी सुरुवातीलाच बाद केला. डॉनर पास ७,२३९ फूट, आणि पुढे वायोमिंगमध्ये लॅरामी ते शायेनच्या मध्ये रस्ता ८,६४० फुटांवर चढतो. तिथे बर्फाइतकीच वाऱ्याची धास्ती असते. एल्क माउंटनच्या पट्ट्यात उंच आणि हलक्या वाहनांना रस्ता बंद करतात, आणि आरव्ही म्हणजे चाकांवरची भिंतच. कोलोरॅडोतला आय-७० तर आयझेनहॉवर बोगद्यापाशी ११,००० फुटांच्या वर जातो. त्या डोंगरपट्ट्यात टायर आणि (बर्फात चाकांना लावायच्या) साखळ्यांचे नियम १ सप्टेंबरपासूनच लागू होतात. आमच्या भाडेकरारात साखळ्या लावायला सक्त मनाई होती. गाडी ठरवताना हे कलम आधी वाचा. साखळ्यांवाचून जाता येत नाही असा रस्ता आपला नव्हेच.

‘ऑक्टोबरात कसला आलाय बर्फ’ असं मलाही दोघांनी ऐकवलं. २०१३ साली साउथ डकोटात ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात हिमवादळ आलं आणि हजारो गुरं दगावली. त्यांच्या अंगावर हिवाळ्याचे दाट केसही अजून आले नव्हते. आय-९० त्याच भागातून जातो.

राहिला आय-४०. बहुतेकजण त्याला ‘दक्षिणेचा’ म्हणून निर्धास्त असतात, आणि तिथेच फसगत होते. ॲरिझोनातलं फ्लॅगस्टाफ जवळपास ७,००० फुटांवर आहे आणि त्याच्या अलीकडे रस्ता ७,३०० फूट ओलांडतो. म्हणजे डॉनरपेक्षा उंच! वाळवंटातून जातोय म्हणून बर्फ लागणार नाही, असं मुळीच नाही. अक्षांशापेक्षा उंची बघा. दर हजार फुटांना तापमान साधारण ३ ते ५ अंश फॅरनहाइटने उतरतं, एवढा हिशेब डोक्यात ठेवला की पुरे.

तेहाचापीचा घाट उतरून, बारस्टोमार्गे फ्लॅगस्टाफच्या अलीकडे किंगमनला मुक्काम केला. उंची सुमारे ३,३०० फूट. रात्री पाऊस, सकाळी ४२ अंश फॅरनहाइट. म्हणजे फ्लॅगस्टाफला पारा गोठणबिंदूच्या आसपास किंवा खालीच. राष्ट्रीय हवामान सेवेच्या संकेतस्थळावर गावाच्या नावाऐवजी नकाशावर नेमका बिंदू निवडता येतो. मी रस्त्याचा सर्वांत उंच बिंदू निवडला: दुपारपासून बर्फ, जोडीला वारा. तरीही मन म्हणत होतं, सकाळी लवकर निघालो तर निसटू. बाबांनी कित्येक वर्षं पसरणी आणि खंबाटकी घाटात गाडी चालवलेली. ते म्हणाले, “अरे, घाट चढायचा की नाही हे पायथ्याला ठरवायचं. वर गेल्यावर गाडी वळवायला जागा कुठे मिळणार?”

खरंच, किंगमन हा पायथाच आहे. आय-४०वर पूर्वेला साधारण वीस मैलांवर ७१ नंबरच्या एक्झिटला यूएस-९३ हा महामार्ग दक्षिणेला फुटतो. तो विकीअप, विकेनबर्ग करत फिनिक्सला उतरतो. हे वळण मागे पडलं की आरव्हीला दक्षिणेकडे उतरायला इतका सोपा रस्ता पुढे बराच वेळ नाही. आम्ही तिथून वळलो. रस्ता काही ठिकाणी दुपदरी आहे, घाई नको; पण दोन्ही बाजूंना जोशुआची झाडं, आणि दर तासाला ऊब वाढत जाते. आईने विकेनबर्गला स्वेटर काढून ठेवला.

तुम्ही जाणार असाल तर निघण्यापूर्वीच असे पायथे नकाशावर खुणा करून ठेवा. तिथे पोहोचताना टाकीत निम्म्याहून जास्त पेट्रोल हवं, आणि एक मुक्काम वाढला तरी चालेल इतका वेळ. आमचा रस्ता पुढे आय-१०, मग आय-२०, डॅलस, मेम्फिस, नॅशव्हिल आणि व्हर्जिनियातला आय-८१ असा झाला. एकूण ३,४०० मैलांच्या आसपास, म्हणजे ५०० मैल जास्त. गाडी गॅलनला ९ मैल देत होती, तेव्हा साधारण एक टाकी पेट्रोल जादा लागलं. भाड्यात ठरावीक मैलच धरलेले असतात, वरच्या मैलांचे पैसे आधीच बाजूला काढा.

दक्षिणेच्या रस्त्याला त्याची त्याची पथ्यं आहेत. न्यू मेक्सिकोत लॉर्ड्सबर्गजवळ कोरड्या तळ्यांवरून धूळ उठते आणि समोरचं क्षणात दिसेनासं होतं. अशा वेळी रस्त्यापासून जमेल तितकं दूर थांबा, सगळे दिवे बंद करा, हँडब्रेक लावा आणि ब्रेकवरून पाय काढा. दिवे चालू राहिले तर मागचा त्यांच्याच रोखाने येतो.

टेक्सासमध्ये एल पासो सोडल्यावर सिएरा ब्लँकाला सीमा गस्ती पथकाची चौकी लागते. पूर्वेला जाणाऱ्या प्रत्येक गाडीला तिथे आत वळावं लागतं. आई-बाबांचे पासपोर्ट आणि आय-९४ची (हा रस्ता नव्हे, अमेरिकेत प्रवेश केल्याची नोंद) प्रत मी पुढच्या कप्प्यातच ठेवली होती, दोन मिनिटांत सोडलं. व्हिसावर असलेल्या कोणीही कागद मागच्या बॅगेत ठेवू नयेत.

थंडीने शेवटी गाठलंच, व्हर्जिनियात. आय-८१च्या कॅम्पग्राउंडवर रात्री २७ अंश फॅरनहाइट. संध्याकाळीच टाकी भरून पाण्याचा पाइप काढून आत घेतला होता, सिंकखालची दारं उघडी ठेवली होती आणि प्रोपेन आदल्या दिवशी भरून घेतला होता. शेजारच्यांचा पाइप सकाळी काठीसारखा ताठ झालेला. त्यांना आम्ही चहा करून दिला आणि आमच्या टाकीतलं पाणी दिलं.

एडिसनला ठरल्यापेक्षा दोन दिवस उशिरा पोहोचलो. वसुबारस हुकली. धनत्रयोदशीचा दिवा मात्र आईनेच लावला.