डिलिव्हर्ड म्हणतंय, पण मुनीमकाकांना मेल दिसंना

मामाची लातूरला तुरीची डाळमिल आहे. गेटजवळ वजनकाटा, मधी ऑफिस आणि गोदाम पार मागं. गाडी काट्यावरून उतरली की पावती निघती, भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ वजन, आणि एक पोरगं ती पावती घेऊन ऑफिसात पळतं. काट्याच्या सॉफ्टवेअरमधी पावती मेल करायची सोय होती, पण बाहेर रस्त्याचं खोदकाम चालू, नेटची केबल आज तुटली उद्या जोडली परवा परत तुटली. मामा म्हणले, "भाचेराव, तुम्ही कंप्युटरचंच करता ना, मग आपल्याआपल्यात तरी मेल जाऊ द्या की, त्याला नेट कामून लागतं?" बरोबरच होतं त्यांचं. म्हणलं दोन तासाचं काम आहे. लागले चार दिवस.

एका जुन्या पीसीवर डेबियन १२ ही लिनक्स टाकली, त्यावर पोस्टफिक्स, म्हणजे मेल घेऊन ज्याच्या त्याच्या पेटीत टाकणारा प्रोग्राम. इन्स्टॉल करताना ते विचारतं कुठल्या प्रकारचा सर्व्हर पाहिजे, मी खुशाल 'लोकल ओन्ली' निवडलं कारण आपलं सगळं लोकलच आहे ना. इथंच पहिली माती खाल्ली. त्या लोकलचा अर्थ फक्त त्या एका मशीनपुरता, शेजारच्या काट्याच्या पीसीलासुद्धा ते दारात उभं करत नाही, सरळ कनेक्शन रिफ्यूज्ड. मग पोस्टफिक्सच्या सेटिंगमधी आयनेट इंटरफेसेसच्या ओळीत लूपबॅक ओन्ली (फक्त ह्याच मशीनचं ऐकायचं) होतं ते काढून ऑल केलं, रीलोड दिलं म्हणजे चालू असतानाच सेटिंग परत वाचायला लावलं, तरी तेच. अर्धा तास केबल हलवत बसलो. ती एक ओळ बदलली की रीलोड चालत नाही, पोस्टफिक्स पूर्ण थांबवून परत चालू करावं लागतं, हे नंतर कळलं.

पुढचा घोळ नावाचा. आम्ही घरचं एक डोमेन ठरवलं, डाळमिल.लॅन. ते नाव पोस्टफिक्सच्या मायडेस्टिनेशन ह्या घरच्या नावांच्या यादीत नसलं तर पोस्टफिक्सला हा पत्ता आपल्याच घरचा आहे हे कळतच नाही. काट्यावरनं मेल पाठवला की उलट उत्तर, रिले ॲक्सेस डिनाइड. म्हणजे त्याला वाटायलंय की ह्याला माझ्यामार्फत दुसऱ्याच्या घरी टपाल पाठवायचंय. यादीत नाव घातलं की गाडी आत आली.

आणि आता खरी गंमत. लॉग बघायला गेलो तर मेलची लॉग फाइलच नाही, कारण ती फाइल लिहिणारा आरसिसलॉग प्रोग्राम डेबियन १२ मधी आपोआप येत नाही, जर्नलसीटीएल कमांडनं बघावं लागतं. बघितलं तर स्टेटस सेंट, डिलिव्हर्ड टू मेलबॉक्स. छान. मुनीमकाकांच्या थंडरबर्डमधी, म्हणजे मेल वाचायच्या प्रोग्राममधी, बघतो तर इनबॉक्स कोरा. परत पाठवला, परत सेंट, परत कोरा. काका चष्मा वर करून म्हणले, "बापू, पोचला म्हणतंय तर मग ठिवला कुठं?"

आख्ख्या चार दिवसातला सगळ्यात कामाचा प्रश्न हाच होता राव. कारण मेल ठेवणारा वेगळा आणि दाखवणारा वेगळा. पोस्टफिक्स टपाल आणून टाकतं, डोव्हकॉट ते थंडरबर्डला दाखवतं, आणि दोघांनी एकाच जागी बघितलं पाहिजे. मी कुठलं तरी वाचून डोव्हकॉटला सांगितलं होतं की मेल प्रत्येकाच्या होममधल्या मेलडिर फोल्डरमधी आहेत, आणि पोस्टफिक्स आपलं जुन्या रीतीनं वार-मेल (/var/mail) फोल्डरमधी प्रत्येकाच्या नावाच्या एका फाइलीत टाकत बसलं होतं. मुनीमकाकांचे सातच्या सात टेस्ट मेल तिथं एकाखाली एक चिकटलेले सापडले.

मेलडिरच ठेवायचं ठरवलं. एका फाइलीत सगळं लिहिताना मधीच लाइट गेली तर काय, ही धास्ती, आणि आमच्याकडं लाइट तर जाणारच. मेलडिरमधी प्रत्येक मेलची वेगळी फाइल, आधी टीएमपी फोल्डरमधी पूर्ण लिहायची आणि मगच न्यू (new) मधी सरकवायची, मेल दाखवणाऱ्याच्या नजरेस पडली की ती 'कर' (cur) मधी जाती. अर्धवट मेल कुणाच्या इनबॉक्सात येत नाही. पोस्टफिक्समधी होम मेलबॉक्स म्हणून मेलडिर लिहिलं, शेवटी तिरकी रेघ द्यायला विसरायचं नाही, ती नसली की तो परत त्याच नावाची एक फाइल करून बसतो. लॉगमधी डिलिव्हर्ड टू मेलडिर आलं आणि काकांच्या स्क्रीनवर पावती.

गोदामाचे दोघं दोन पाळीत, एका नावावरचा मेल दोघांनाही जावा म्हणून एलियासच्या फाइलीत गोदाम म्हणून एक ओळ टाकली आणि ती ओळ पोस्टफिक्सच्या यादीत चढवणारी न्यूएलियासेस कमांड चालवायचं विसरलो, मग यूजर अननोन. हे आपलं नेहमीचंच.

पण मामाला पाठवलेला मेल काही केल्या पोचंना, डिफर्ड (नंतर बघू), परमिशन डिनाइड. बाकी सगळ्यांचं चालू आणि मालकाचंच बंद, काय तोंड दाखवायचं. त्यांचा यूजर मी घाईत यूजरॲड कमांडनं केला होता, ती कमांड सांगितल्याशिवाय होम फोल्डर करत नाही, आणि नंतर मी रूट, म्हणजे मशीनचा मुख्य यूजर, राहून हातानं ते केलं म्हणजे फोल्डर मामाच्या नावाचं पण मालकी रूटची. पोस्टफिक्स मामाच्या हक्कानं आत टाकायला जातं आणि दार बंद. चाउन कमांडनं मालकी मामाकडं दिली, पोस्टक्यू फ्लश मारला म्हणजे रांगेत अडकलेले मेल लगेच परत पाठवायला लावले. असं अडकलेलं टपाल पोस्टफिक्स पाच दिवस सांभाळतं, अधूनमधून परत प्रयत्न करतं, त्यामुळं एकही पावती गेली नव्हती.

एक्केचाळीस पावत्या धडाधड आल्या. तरी मामा म्हणतेत, "नवीन काहीच नाही की." बघितलं तर थंडरबर्डनं तारखेनुसार लावून त्या परवाच्या, कालच्या जागी खाली नेऊन ठेवलेल्या. कॉलम बदलून ऑर्डर रिसीव्ह्डवर, म्हणजे इनबॉक्सात आलेल्या क्रमावर लावला, तवा दिसल्या.