ओली चादर आणि प्रार्थना

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आठवणी पाठवा, असा निरोप आला. पटांगणातली चिंच, मधल्या सुट्टीतल्या बोरं-पेरूंच्या पाट्या, नाताळच्या नाटकात डोक्याला टॉवेल गुंडाळलेले मेंढपाळ, हे बाकीचे लिहितीलच. मला वेळापत्रकात लागोपाठ येणाऱ्या दोन तासांबद्दल लिहायचंय. पहिला पवित्र शास्त्राचा, म्हणजे बायबलचा. दुसरा गृहशास्त्राचा. त्यात बाई दोन बाकं जोडून एका मुलीला झोपवायच्या आणि तिला न उठवता तिच्या अंगाखालची चादर बदलायला लावायच्या. या दोन तासांचा एकमेकांशी काही संबंध आहे, असं तेव्हा कुणी म्हटलं नाही. परिचारिकेच्या नोकरीत आणि नंतर मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, घरभेटींत एवढं दिसलं, की दुसरा तास विसरलेली माणसं पहिल्या तासाबद्दल फार बोलतात.

लूकच्या दहाव्या अध्यायातला शोमरोनी घ्या, लुटारूंनी मारून वाटेत टाकलेल्या माणसासाठी थांबलेला. त्याच्या कळवळ्यावर आपल्याकडे पुष्कळ उपदेश होतात. त्याने केलं काय, ते मात्र घाईत वाचलं जातं. जखमांना तेल आणि द्राक्षारस लावून त्या बांधल्या, माणसाला आपल्या जनावरावर बसवलं, उतारशाळेत नेलं, त्याची काळजी घेतली. दुसऱ्या दिवशी तिथल्या मालकाला दोन दीनार दिले आणि जास्त खर्च झाला तर परत येताना फेडीन म्हणाला. मत्तयाच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्यातल्या मजुराला दिवसाचा एक दीनार मिळतो. म्हणजे ही दोन दिवसांची मजुरी झाली. जखमीचं गाव किंवा कूळ विचारल्याचं कुठे लिहिलेलं नाही. आणि तो तिथे कायमचा बसून राहिला नाही. आपल्या वाटेला लागला, पण काम दुसऱ्याच्या हाती सोपवून, पैशांची सोय करून आणि परत येण्याचं कबूल करून.

आपल्या प्रांतात सेवेचं नाव निघालं की मिरजेचे डॉ. वॉनलेस आणि केडगावच्या पंडिता रमाबाई आठवतात. त्यांचे फोटो या अंकातही असतील. वॉनलेस यांचं मिरजेचं रुग्णालय १८९४ मधलं. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून मुली-बायका आणल्या. त्यांना पोटाला घातलंच, शिवाय विणकाम, छपाई, तेलघाणा अशी कामं शिकवून हाताला लावलं. फोटोत दिसत नाही तो भाग हा.

आता आपल्या गल्लीतलं उदाहरण. पक्षाघाताने उजवी बाजू गेलेल्या एक आजी, मुलगा दिवसभर कामावर, सून चोवीस तास घरात. असं घर प्रत्येक मंडळीत एक-दोन तरी असतं, आणि मंडळीबाहेर तर शेजारीच असतं.

जाण्याआधी फोन करावा. गेल्यावर बांगड्या, अंगठी, घड्याळ काढून पर्समध्ये टाकावं आणि साबणाने हात धुवावेत. म्हातारपणी कातडी कागदासारखी पातळ होते. बांगडीच्या ओरखड्याची जखम भरायला कित्येक आठवडे लागतात. मग आजींच्या अंगाखाली हात घालून बघावं. चादर ओली असेल तर आधी चादर. ओल्या चादरीवर झोपलेल्या माणसाजवळ उभं राहून लांबलचक प्रार्थना चाललेली मी इतक्यांदा पाहिली आहे, की याबाबतीत माझा संयम संपला आहे. लघवीने भिजलेली कातडी काही तासांत मऊ पडते, आणि मऊ पडलेली कातडी घासली की सोलते.

चादर बदलायला दोघी असल्या तर उत्तम. आजींना आधी सांगायचं, "आजी, तुम्हाला डाव्या कुशीवर घेतो हं." बोलता येत नसलं तरी त्यांना ऐकू येतं. वळवताना एक हात खांद्यामागे, दुसरा कंबरेमागे. लुळ्या हाताला धरून किंवा काखेत हात घालून कधीही ओढायचं नाही. पक्षाघातात खांद्याचे स्नायू ढिले पडलेले असतात, सांधा निखळतो, आणि नंतर "हात लावला की आजी ओरडतात" अशी तक्रार सुरू होते. एका कुशीवर घेतलं की मळकी चादर लांबीत गुंडाळत पाठीपर्यंत आणायची. नव्या चादरीची अर्धी गुंडाळी तिला लागून ठेवायची आणि उरलेली अर्धी पलंगावर पसरायची. मग आजींना त्या उंचवट्यावरून दुसऱ्या कुशीवर घ्यायचं, मळकी काढायची, नवी ओढून ताणायची. सुरकुती राहता कामा नये. वर खांद्यापासून मांडीपर्यंत जुन्या सुती लुगड्याची चौपदरी घडी आडवी टाकावी. पलंगावर आजींना वर सरकवायचं असेल तेव्हा दोघींनी ती घडी दोन बाजूंनी धरून उचलायची. अंगाला धरून फरफटवलं की कातडी चादरीला चिकटून राहते, आतलं हाड पुढे जातं, आणि मधलं मांस आतल्या आत फाटतं. बेडसोरची सुरुवात बरेचदा इथे होते.

बेडसोर म्हणजे दाबाची जखम. माकडहाड, टाचा, खुब्याचं हाड, खांदे, कान आणि डोक्याची मागची बाजू या जागा रोज बघायच्या. लाली दिसली तर बोटाने दाबून सोडावं. दाबल्यावर पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर अजून वेळ आहे. पांढरी पडलीच नाही तर जखम सुरू झाली. आपल्या सावळ्या रंगावर लाली दिसत नाही, त्यामुळे आजूबाजूपेक्षा ती जागा गरम, कडक किंवा जास्त काळपट लागते का ते हाताने पाहावं. अशा जागेला चोळायचं नाही. तेल लावून मालिश करणारे भले लोक तिथलंच मांस मोडतात. स्पिरिट लावू नये, पावडरचे थर देऊ नयेत, भोक असलेली रबरी चकती माकडहाडाखाली ठेवू नये. चकतीच्या कडेने रक्त अडतं.

खरा उपाय कूस बदलणं. दर दोन तासांनी डावी कूस, पाठ, उजवी कूस, आणि भिंतीवर कागद लावून त्यावर वेळ लिहायची. पूर्ण कुशीवर न वळवता पाठीमागे लोड देऊन तिरकं ठेवलं की खुब्यावर भार येत नाही. गुडघ्यांमध्ये उशी. पोटरीखाली दुसरी उशी अशी ठेवायची, की टाच हवेत राहील आणि चादर व टाच यांच्यातून कागद सरकेल. हवेची गादी आणली म्हणजे सुटलो, असं घरोघरी समजतात. तिचे कप्पे आळीपाळीने फुगतात, दाब हलता राहतो, एवढंच. कूस बदलावी लागतेच. त्या गादीवर माया म्हणून जाड गोधडी टाकली की तिचा उपयोग शून्य. वीज गेली की ती बसते, म्हणून खाली साधी गादी ठेवावी आणि रोज एकदा आजींच्या बसण्याच्या जागी गादीखालून हात घालून हाड लागतंय का पाहावं.

भरवण्यात घाई जिवावर बेतते. आजींना बसतं करून हनुवटी किंचित छातीकडे, चमचा अर्धा भरलेला, आणि घोट गिळल्याची गळ्याची हालचाल दिसेपर्यंत दुसरा चमचा नाही. घास चांगल्या बाजूच्या गालात द्यायचा. लुळ्या बाजूच्या गालात अन्न साचून राहतं, ते शेवटी बोटाला ओला गॉज गुंडाळून काढायचं. पाणी पातळ, म्हणून सोपं, हा गैरसमज. अशा माणसाला पाणी पटकन श्वासनलिकेत जातं. दाट पेज किंवा खिमट सोपं पडतं. खाताना खोकला आला किंवा आवाज ओलसर, घरघरता झाला की थांबायचं आणि डॉक्टरांच्या कानावर घालायचं. जेवणानंतर अर्धा तास बसतंच ठेवायचं. आडवं असताना तोंडात तीर्थासारखं पाणी सोडणाऱ्या पाहुण्यांना मात्र नम्रपणे थांबवायचं.

एक गोष्ट हमखास फसवते. चार-पाच दिवस शौचाला न झालेल्या आजींना अचानक पातळ होऊ लागतं, घरचे जुलाब थांबवायची गोळी देतात. बरेचदा आत घट्ट मळाचा खडा अडकलेला असतो आणि त्याच्या कडेने पातळ झिरपतं. गोळीने अडलेलं आणखी अडतं. तिथे आपला उपाय सांगू नये, डॉक्टरांना बोलवावं. लघवीची पिशवी असेल तर ती नेहमी कंबरेच्या खाली, पण जमिनीला न टेकलेली. कूस बदलताना ती आजींच्या पोटावर ठेवण्याची सवय मोडावी, लघवी उलटी फिरते.

आता पाय. योहानाच्या तेराव्या अध्यायात प्रभूने गंगाळात पाणी घेतलं, कमरेला रुमाल बांधला आणि शिष्यांचे पाय धुतले, पुसले. पवित्र गुरुवारी चर्चमध्ये आधीच घरून धुऊन आलेले पाय धुतले जातात, ते विधी म्हणून ठीक. मधुमेही माणसाचे पाय रोज कुणीतरी बघायला लागतात, आणि त्या माणसाला स्वतःला वाकता येत नाही, डोळ्यांनी नीट दिसत नाही, पायाला टोचलेलं कळत नाही. पाणी कोमट, आणि ते आपल्या कोपराने तपासायचं. त्यांच्या पायाला विचारून उपयोग नाही. भिजत ठेवायचं नाही. धुऊन झालं की बोटांच्या बेचक्या एकेक करून टिपून कोरड्या करायच्या. खोबरेल तळव्याला आणि टाचेला; बेचक्यांत नाही, तिथे ओल राहून बुरशी धरते. नखं सरळ कापायची, कोपरे कोरायचे नाहीत. पायाला झालेलं कुरूप ब्लेडने तासायचं नाही. तळवा उजेडाकडे वळवून फोड, चीर, काळा डाग बघायचा आणि चपलेत हात घालून खडा किंवा वर आलेला खिळा चाचपायचा. हे सगळं पंधरा मिनिटांचं काम आहे आणि त्याने पाय वाचतो.

इतकं करूनही घरातली सर्वांत थकलेली व्यक्ती तशीच राहते: सून. तिला "तू फार करतेस गं" म्हणून काही मिळत नाही. आठवड्यातून ठरलेल्या एका दिवशी, ठरलेले दोन तास, तिला घराबाहेर पाठवावं किंवा आतल्या खोलीत दार लावून झोपू द्यावं. ती गेल्यावर तिला फोन करून "गोळी कुठली द्यायची" विचारू नये. जायच्या आधी डबी बघून ठेवावी. चहा नाकारू नये, आपल्याकडे ते बरं दिसत नाही. पण तो आपणच टाकावा आणि तिलाही द्यावा.

शेजार बहुतेक वेळा दुसऱ्या धर्माचा असतो. डबा नेण्याआधी चतुर्थी आहे का, गुरुवार आहे का, घरात कांदा-लसूण चालतो का, हे विचारावं. सगळ्यांत बरं म्हणजे त्यांच्या स्वयंपाकघरात, त्यांच्या भांड्यांत करून द्यावं. डब्यासोबत पत्रक देऊ नये. प्रार्थना कुणी मागितली तर करावी, थोडक्यात. केलेल्या सेवेच्या बदल्यात उपासनेला येण्याचं वचन घेणं म्हणजे उधारी लिहून ठेवणं. माझ्या मते ते प्रभूचं नाव खराब करतं. मंडळीच्या ग्रुपवर आजींचा फोटोही टाकू नये. त्यांनी परवानगी दिलेली नसते, आणि डाव्या हाताला कळू नये असं सांगितलेल्या उजव्या हाताचा फोटो काढायची गरज नसते. पैसे द्यायचे तर औषधाच्या दुकानातली उधारी परस्पर भागवावी, दोघांनी मिळून, वहीत नोंद करून.

मंडळीतली सेवा कुठे मोडते, तर तिसऱ्या महिन्यात. पहिल्या रविवारी बारा जण हात वर करतात, दोन आठवडे रोज कुणीतरी येतं, एकाच दिवशी तीन घरांचे डबे येतात, आणि मग सगळं थंडावतं. आजींना वाटतं आपलं काही चुकलं. म्हणून सहा जणच घ्यावेत, प्रत्येकाचा वार पक्का, आणि आपण आलो नाही तर कोण येणार याचं नाव शेजारी लिहिलेलं. रोज येईन असं म्हणणाऱ्याला यादीत घेऊ नये.

मृत्यू घरी झाला तर रडणाऱ्यांच्या घोळक्यात भर घालण्यापेक्षा एकाने डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचा दाखला घेण्याचं काम करावं. रुग्णालयाबाहेरच्या मृत्यूला तो नमुना ४अ वर मिळतो. त्याशिवाय कबरस्तानात आणि नगरपालिकेत अडतं. नोंदणी २१ दिवसांच्या आत करावी, नंतर शुल्क आणि हेलपाटे वाढतात. दुसऱ्याने खुर्च्या, पाणी आणि घरातल्या लहान मुलांचं जेवण बघावं.

मग मंडळीने वापरायला दिलेली हवेची गादी परत येते. ज्या मंडळीत वॉकर, कमोड खुर्ची, बेडपॅन आणि हवेची गादी ठेवायला एक कपाट आहे, तिथे वर्षभरात बऱ्याच घरांचा खर्च वाचतो. मात्र किल्ली कुणाकडे आणि वस्तू कुणाकडे, ही वही नसली तर वर्षात कपाट रिकामं. गादी साबणाच्या पाण्याने पुसावी, मग स्वच्छ पाण्याने, मग सावलीत दोन दिवस वाळवावी. उन्हात टाकली की प्लास्टिकला तडे जातात. ओली गुंडाळली की वास धरते. घडी घालू नये, नळ्यांना पीळ न पाडता गुंडाळावी. एकदा पूर्ण फुगवून रात्रभर ठेवावी. सकाळी एखादा कप्पा बसलेला दिसला तर त्यावर पेनाने खूण करून, दुरुस्त झाल्यावरच पुढच्या घरी द्यावी.