आमची हरकत आणि तीन प्रभागांची बेरीज

आमच्या नगरपरिषदेत 2016 च्या शेवटी निवडून आलेल्यांची मुदत संपली आणि 2022 पासून कारभार प्रशासकाकडे गेला. मधे एकदा प्रभाग रचनेचा घाट घातला गेला, तो तसाच राहिला. मग 6 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका चार महिन्यांत घ्या असं सांगितलं आणि सगळी यंत्रणा अंगात आल्यासारखी हलली. ऑगस्टमध्ये आमच्या गावाची प्रारूप प्रभाग रचना, म्हणजे हरकती घेता येतील असा प्रभागांच्या सीमांचा कच्चा आराखडा, फलकावर लागली. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं. नाव लिहीत नाही आणि लोकसंख्येचे आकडे गोल करून देते, कारण कोणा एकाला धरून ठोकायचा माझा हेतू नाही.

पहिल्यांदा फलकापर्यंत फार कोणी गेलं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर एक तिरपा फोटो फिरला, त्यात प्रभाग सहाच्या रेषेभोवती लाल गोल आणि खाली ‘भीमनगर फुटलं’. भीमनगर म्हणजे आमची वस्ती, नाल्याच्या पूर्वेला. नाला एरवी कोरडाच, पण पावसाळ्यात रपट्यावरून, म्हणजे नाल्यातल्या ठेंगण्या फरशीवरून, पाणी गेलं की शाळेतली पोरं पलीकडेच अडकतात. त्या नाल्यावरून रेष नेऊन आमच्या पुढच्या दोन गल्ल्या पश्चिमेच्या बाजारओळीच्या प्रभाग सहात टाकल्या होत्या. मागची सगळी वस्ती प्रभाग सातमध्ये.

फोटोवर भरवसा न ठेवता मी कार्यालयात गेले. नकाशाभोवती गर्दी होती, त्याच्यामागे टाचलेली पानं कोणी उलटत नव्हतं. खरा मजकूर त्या पानांतच असतो. प्रत्येक प्रभागाची व्याप्ती, चारी दिशांच्या सीमांचं वर्णन, 2011 च्या जनगणनेची लोकसंख्या, त्यात अनुसूचित जाती किती, जमाती किती, आणि कोणकोणते प्रगणक गट घेतले त्यांचे क्रमांक. प्रभाग सहाच्या सीमेत लिहिलं होतं की रेष अमुक दुकानापासून पूर्वेकडे नाल्यापर्यंत, तेथून नाला ओलांडून विहाराच्या पाठीमागच्या बोळीने दक्षिणेकडे जाते. आणि शेवटच्या रकान्यात एका प्रगणक गटाच्या क्रमांकापुढे कंसात ‘भाग’.

तो गट माझा होता. जिल्हा परिषदेच्या शाळेत होते तेव्हा 2011 च्या जनगणनेचं काम आम्हा शिक्षकांकडेच आलं होतं. फेब्रुवारीच्या उन्हात मी तो गट घरोघर फिरले होते, नजरी नकाशा काढला होता. गटाची पश्चिम हद्द नालाच होती. एका प्रगणकाला झेपेल एवढी वस्ती, साधारण सहाशे ते आठशे माणसं, म्हणजे एक गट. प्रभाग बांधताना हे गट विटांसारखे जोडायचे, शक्यतो फोडायचे नाहीत, असं सरकारी आदेशातच म्हटलेलं असतं. इथे वीट मधोमध फोडली होती.

नक्कल मागितली तर बाबू म्हणाले, “मोबाइलवर काढून घ्या न मॅडम, सारेच काढून राह्यले.” मी लेखी अर्ज दिला, फी भरली आणि शिक्क्याची प्रत घेतली. कोणी हरकत घेणार असेल तर माझं पहिलं सांगणं हेच. सुनावणीत मोबाइल पुढे करणाऱ्याला साहेब नीट बघतसुद्धा नाहीत.

संध्याकाळी विहारात बैठक झाली. पोळा तोंडावर आलेला, दिवसभर फवारणी करून आलेली माणसं, तरी बसायला जागा उरली नाही. मला वाटलं होतं सगळे एका सुरात बोलतील. तसं झालं नाही. तरुण मुलांचं म्हणणं होतं, वस्ती एकत्र राहिली तर अनुसूचित जातीची टक्केवारी वर जाईल आणि आपला प्रभाग राखीव होईल. हिशेब बरोबर होता. अनुसूचित जातीच्या जागा टक्केवारीच्या उतरत्या क्रमाने ठरतात, चिठ्ठी निघते ती महिला आणि ओबीसी जागांसाठी. वस्तीचे दोन तुकडे केले की दोन्हीकडे टक्का घसरतो आणि राखीव जागा दुसऱ्याच प्रभागात जाते. पण आमच्यातले एक म्हातारे उठले आणि म्हणाले, “एका वार्डात राह्यलो तं दोघं नगरसेवक. दोन वार्डात राह्यलो तं चार जण दारात येतीन. राखीव सीटवर निवडून आलेल्यानं मागच्या टायमाले काय केलं थे सांगा पहिले.” कोणी काही सांगू शकलं नाही. त्यांचा मुद्दा मला आजही खोडता येत नाही. तरी गल्ली मधोमध चिरून भावाचं घर एकीकडे आणि भावाचं दुसरीकडे होणार, हे पटत नव्हतं. शेवटी हरकत घ्यायचं ठरलं, एकमताने नाही, बहुमताने.

त्या टक्केवारीबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकते. 2011 ला काही घरांतून मला सांगितलं गेलं, “बाई, धर्म बौद्ध लिहा, जात आमची सुटली.” जनगणनेत बौद्ध माणूस अनुसूचित जातीत धरला जातो, पण जातीचं नाव नोंदलं तरच. त्यांची भूमिका मला मनातून मान्य होती. पण त्याच रिकाम्या रकान्यांमुळे आमच्या वस्तीचा कागदावरचा टक्का खऱ्यापेक्षा कमी दिसतो, आणि प्रभागाचं आरक्षण कागदावरच्या टक्क्यावर ठरतं.

हरकतीचा पहिला मसुदा एका माजी नगरसेवकाने लिहून आणला. अन्याय, षड्‍यंत्र, लोकशाहीची हत्या, सगळं त्यात होतं. नाला नव्हता, गटाचा क्रमांक नव्हता. तीच प्रत झेरॉक्स करून शंभरभर सह्या घ्यायचा त्यांचा बेत होता. एकसारख्या प्रती कितीही दिल्या तरी त्या एकत्रच ऐकल्या जातात, हे त्यांना पटवायला चहाच्या दोन फेऱ्या गेल्या. मग मी नवा लिहायला घेतला. मुद्दे तीनच. सीमा शक्यतो नाले, नद्या, रस्ते, रेल्वे यांना धरून असावी, इथे ती नाला ओलांडते. प्रगणक गट शक्यतो फोडू नये, इथे फोडला. अनुसूचित जाती-जमातीच्या वस्त्यांचं शक्यतो विभाजन होऊ नये, इथे झालं. ‘शक्यतो’ या शब्दात प्रशासनाची सगळी पळवाट आहे, म्हणून ‘शक्य आहे’ हे आपणच दाखवून द्यावं लागतं.

ते दाखवताना माझी खरी परीक्षा झाली. गावाची लोकसंख्या 27,000 धरा. ‘क’ वर्ग नगरपरिषद, सदस्य 20, द्विसदस्यीय प्रभाग 10. एका प्रभागाची सरासरी 2,700, त्यात दहा टक्के कमी-जास्त चालतं. म्हणजे 2,430 च्या खाली नाही आणि 2,970 च्या वर नाही. प्रारूपात सहामध्ये 2,650 होते, सातमध्ये 2,800. आमच्या दोन गल्ल्यांचे 300 सातमध्ये परत टाकले की सात होतो 3,100, मर्यादेबाहेर. सहा उरतो 2,350, तोही बाहेर. नुसतं ‘आम्हाला परत घ्या’ म्हणून भागत नाही. आपण तीनशे माणसं एका पारड्यातून काढली की दुसरीकडे काय टाकायचं, हे आपल्यालाच सांगावं लागतं.

ओट्यावर भाच्याच्या वहीत आकडे मांडत बसले. शेवटी उत्तर उत्तरेकडच्या प्रभाग पाचमधून निघालं. सातच्या टोकाचा 650 चा अख्खा गट पाचला द्यायचा आणि पाचचा बाजाराला लागून असलेला 580 चा अख्खा गट सहाला. सात झाला 2,450, सहा 2,930. पाच मुळात 2,600 होता, तो 2,670 झाला. तिन्ही मर्यादेत, एकही गट फुटलेला नाही, आणि सहा-सातची हद्द जिथे तिथे नाला. भाच्याने कॅल्क्युलेटरवर परत तपासलं. पिनपॉइंट केलेला नकाशा गावातल्या एका सर्व्हेअर मुलाने फुकट काढून दिला.

दरम्यान लेआउटमधले लोक आले. हायवेच्या बाजूला 2011 नंतर शेतं मोडून प्लॉट पडले, तिथे आता भरगच्च वस्ती आहे. कागदावर मात्र तिथे कापूसच उभा आहे, कारण 2021 ची जनगणना झालीच नाही आणि रचना 2011 वरच होते. त्यांच्या प्रभागात मतदार दुपटीच्या जवळ, लोकसंख्या तेवढीच जुनी. “आमची बी हरकत तुमच्यात जोडा,” म्हणाले. मी नाही म्हटलं. त्यांचं दुखणं शंभर टक्के खरं होतं, पण शेवटच्या प्रसिद्ध जनगणनेचेच आकडे घ्यायचे असा कायदाच असल्यावर सुनावणी घेणारा अधिकारी त्यात काहीच करू शकत नाही. त्यांच्यासोबत आमचीही फेटाळली जाण्याची भीती होती. ते रागावून गेले. त्यांनी वेगळी हरकत दिली आणि ती अपेक्षेप्रमाणे एका ओळीत निकाली निघाली.

सुनावणी यवतमाळला होती. सकाळच्या लालपरीने आम्ही पाच जण निघालो. बाहेर व्हरांड्यात इतर नगरपरिषदांचे लोकही होते, कोणी वकील घेऊन आलेले, कोणी नुसतेच घोषणा द्यायला. आमच्या गावचे बाजारओळीतले दोन व्यापारीही आले होते, प्रारूप आहे तसंच ठेवा म्हणायला. त्यांचंही गणित साधं होतं. आमच्या तीनशेंमुळे त्यांच्या प्रभागातल्या एका जुन्या घराण्याचं पारडं जरा हललं असतं आणि त्यांना ते हवंच होतं.

आत जेमतेम काही मिनिटं मिळाली. साहेबांनी पहिलं पान वाचलं, दुसरं उलटलं आणि विचारलं, “पर्याय काय?” मी तक्ता पुढे केला. त्यांनी पेनाने तिन्ही बेरजा स्वतः करून पाहिल्या. मग आमच्या मुख्याधिकाऱ्यांकडे बघून विचारलं, नाल्यावर पूल आहे का? ते म्हणाले, रपटा आहे. व्यापाऱ्यांपैकी एक मधेच बोलला, “साहेब, पुलाचं इस्टिमेट झालेलं आहे.” साहेबांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. एवढंच. निर्णय तिथे सांगत नाहीत.

अंतिम रचना लागली तेव्हा आमची हरकत मान्य झाली होती, आणि मी वहीत मांडली होती तशीच, गट न् गट. भीमनगरात फटाके फुटले. मला मात्र दुसऱ्याच दिवशी रस्त्यात माझा एक जुना विद्यार्थी भेटला, पाचमधून सहात गेलेल्या गटातला. त्याच्या हातात रचनेचा कागद होता. “बाई, आमाले काऊन हलवलं? आमी तं काईच मांगतलं नव्हतं.” मी त्याला दहा टक्क्यांचं गणित सांगितलं. तो म्हणाला, “थे बरोबर हाय. पण आमाले इचारलं कोनी?” प्रारूपावर हरकत घेता येते. हरकतीमुळे झालेल्या बदलावर पुन्हा हरकतीची सोय नसते, सरळ अंतिम रचनाच प्रसिद्ध होते. ज्या साडेपाचशे-सहाशे माणसांचा प्रभाग माझ्या वहीतल्या बेरजेने बदलला, त्यांना तो कळला तेव्हा बोलायची मुदत उलटून गेली होती. मी त्यांच्या वस्तीत आधी जाऊन सांगितलं असतं तर त्यांनी विरोधात हरकत दिली असती, आणि कदाचित दोन्ही फेटाळल्या असत्या. हेही मी त्याला सांगितलं. तो काही न बोलता सायकलवर बसला.

ऑक्टोबरमध्ये आरक्षणाची सोडत झाली. शाळेच्या पोरींनी बरणीतून चिठ्ठ्या काढल्या. आमच्या प्रभाग सातची एक जागा अनुसूचित जातीसाठी आधीच ठरली होती, चिठ्ठीने ती महिलेसाठी गेली, आणि दुसरी सर्वसाधारण. लोकशाहीच्या हत्येचा मसुदा आणणाऱ्या माजी नगरसेवकांचा सगळा डाव त्या एका चिठ्ठीने उधळला. बायकोला उभं करतो म्हणाले, तर बायकोनेच नाही म्हटलं. त्यांचा नमस्कार त्या दिवसापासून बंद आहे.

प्रभाग जिंकला म्हणून गाफील राहिलो असतो तर पुढे फसलो असतो. मतदार यादी वेगळीच बनते. 1 जुलै 2025 ची विधानसभेची यादी प्रभागनिहाय फोडायची होती, आणि ते काम नकाशा न बघता घर क्रमांकांवरून उरकलं जातं. आमच्या त्याच दोन गल्ल्यांतली बरीच नावं यादीत अजून सहामध्येच होती, प्रारूपाच्या वेळची. परत हरकत, परत नावांची यादी. या वेळी भाच्याने एक्सेलमध्ये केली. बहुतेक नावं हलली, काही राहिली. 2 डिसेंबरला त्या राहिलेल्यांपैकी दोन म्हाताऱ्या भीमनगरातून नाला ओलांडून बाजाराच्या शाळेत मतदानाला गेल्या. रपट्यावर पाणी नव्हतं.