गुन्हा कबूल केल्यानंतरचे अपील

‘गुन्हा कबूल करा, दंड भरा आणि मोकळे व्हा’ हा सल्ला न्यायालयांच्या आवारात सर्रास दिला जातो, आणि पुढे नोकरीसाठी चारित्र्य पडताळणी होताना दोषसिद्धीची नोंद आडवी आली की तीच माणसे अपिलासाठी वकिलांकडे धाव घेतात. मला त्यांच्याविषयी मनापासून कळवळा वाटतो, कारण कबुलीनंतर अपिलाचा मार्ग किती अरुंद होतो हे त्यांना कोणीच सांगितलेले नसते.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१६ नुसार (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३७५) कबुलीवरून दंडाधिकाऱ्याने किंवा सत्र न्यायालयाने दोषी ठरवले असेल, तर अपील फक्त शिक्षेचे प्रमाण आणि तिची कायदेशीरता यांपुरतेच करता येते. मात्र ही कबुली खरोखर कबुली असावी लागते. समन्स खटल्यात, म्हणजे कमी शिक्षेच्या गुन्ह्यांच्या खटल्यात, ती शक्य तितक्या आरोपीच्याच शब्दांत नोंदवावी, असे कलम २७५ सांगते. त्यामुळे मी पहिल्यांदा रोजनामा (न्यायालयाच्या रोजच्या कामकाजाची नोंद) आणि कबुलीचा कागद मागवतो. आरोप काय होता हे आरोपीला समजेल अशा भाषेत सांगितल्याची नोंद नसेल आणि छापील ओळीखाली नुसती सही असेल, तर दोषसिद्धीलाच आव्हान देण्यासारखा मुद्दा हाती लागतो.

हलक्या शिक्षेचे आमिष दाखवून घेतलेली कबुली टिकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये गुजरातमधील कासमभाई शेख यांच्या प्रकरणात स्पष्ट केले. कबुली मिळाली तरी तिच्यावरून लगेच दोषी ठरवण्याचे बंधन न्यायाधीशावर नसते, आणि गंभीर खटल्यात हा संयम फार मोलाचा असतो. मुंबईवरील हल्ल्याच्या खटल्यात कसाबने जुलै २००९ मध्ये भर न्यायालयात कबुली दिली, तरीही विशेष न्यायालयाने खटला पुढे चालवून पुरावा नोंदवला, त्यामुळे दोषसिद्धीची तपासणी पुढे उच्च आणि सर्वोच्च न्यायालयातही पुराव्यावर होऊ शकली.

२००६ पासून लागू झालेल्या प्ली बार्गेनिंगमध्ये, म्हणजे गुन्हा कबूल करून शिक्षेबाबत कायद्याच्या चौकटीत केलेल्या तडजोडीत, तर नेहमीचे अपीलच नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद १३६ (सर्वोच्च न्यायालयात विशेष परवानगीने अपील) आणि २२६ व २२७ (उच्च न्यायालयात याचिका) खालील मार्ग तेवढे उरतात.

सत्र न्यायालयातील अपिलाची मुदत ३० दिवसांची आहे. निकालाची प्रमाणित नक्कल मिळण्यास लागलेला काळ त्यातून वगळला जातो, पण नकलेचा अर्ज मुदतीतच द्यावा लागतो, आणि तो निकालाच्या दिवशीच देणे उत्तम.