किरकिर गेली एकदाची! व्हॉल्व्ह सेटमधलं ब्लूटूथ, पुढचा अपडेट

शेवटी माझा जुना व्हॉल्व्ह रेडिओ सेट गप्प बसला मंडळी, म्हणजे गाणं वाजतंय आणि मागे काहीच नाही! रिकॅपिंगचं (जुने कपॅसिटर बदलण्याचं) मागेच सांगितलं होतं, ईसीएल ८६ (ट्रायोड आणि पेंटोड एकाच काचेत असलेला, आवाज वाढवणारा व्हॉल्व्ह) च्या ग्रिडवरचा गळका कागदी कपॅसिटर बदलला आणि मीडियम वेव्ह मस्त वाजायला लागली. खरा छळ त्यानंतर. पीयू (पिकअप, म्हणजे बाहेरून ऑडिओ द्यायच्या) सॉकेटला ब्लूटूथ मॉड्यूल जोडलं की बारीक चिरचिर, आणि फोन कनेक्ट नसेल तर वरून टुकटुक.

शील्डेड वायर बदलून बघितली, ढिम्म फरक नाही. मग सिग्नलची वायर काढून सॉकेटवर इनपुट शॉर्ट केलं, फक्त ग्राउंड जोडलेलं ठेवलं, तरी चिरचिर चालूच! आणि तेच मॉड्यूल पॉवर बँकेवर चालवलं तर चिडीचूप. म्हणजे चोर सप्लायमध्ये.

झालंय असं की मॉड्यूलची सप्लाय मी व्हॉल्व्ह तापवणाऱ्या ६.३ व्होल्टच्या हिटर वाइंडिंगवरून घेतली, आणि या सेटमध्ये त्याचं एक टोक थेट चासीला (धातूच्या सांगाड्याला) आहे. अशा सेटला ब्रिज रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारे चार डायोड) चालतच नाही, मॉड्यूलचं ग्राउंड चासीला लागलं की अर्ध्या सायकलला एक डायोड सरळ वाइंडिंग शॉर्ट करतो. म्हणून मी एकच शॉट्की डायोड, २२०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि पुढे ७८०५ (५ व्होल्ट स्थिर ठेवणारा रेग्युलेटर) अशी हाफ वेव्ह सप्लाय केली होती. व्होल्टेज अगदी व्यवस्थित, पण करंट परत जाणार चासीवरून, ऑडिओचं ग्राउंडही तेच, आणि मॉड्यूलच्या डिजिटल झटक्यांनी त्या वाटेवर जे काही मिलिव्होल्ट पडतात ते ईसीएल ८६ चा ट्रायोड इमानेइतबारे वाढवून देतो.

उपाय दोन. एक म्हणजे दोन्हीकडचं ग्राउंड वेगळं करायला ऑडिओच्या वाटेत ६००:६०० ओहमचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, पण छोटे स्वस्त ट्रान्सफॉर्मर बेस खातात आणि या लाकडी कॅबिनेटची सगळी मजाच बेसमध्ये आहे. म्हणून दुसरा, बी०५०५एस नावाचा १ वॅटचा आयसोलेटेड कन्व्हर्टर, म्हणजे सप्लायचंच ग्राउंड वेगळं. ७८०५ च्या पुढे तो लावला, मॉड्यूलचं ग्राउंड फक्त पीयू सॉकेटपाशी एकाच जागी जोडलं, आणि व्हॉल्यूम फुल केला तरी नुसती व्हॉल्व्हची हलकी सळसळ. अर्धा तास नुसता तेच ऐकत बसलो!

डावा-उजवा चॅनल एकत्र करताना सरळ पिळ मारून जोडू नका, प्रत्येकात ४.७ किलोओहम टाका. मॉड्यूल चासीच्या आत ठेवलं तर रेंज मरते, मी मागच्या लाकडी बाजूला बसवलंय. आणि ते कनेक्ट झाल्यावर त्यातली रेकॉर्ड केलेली बाई जे ओरडून सांगते ते बंद करता येणारं मॉड्यूलच घ्या, ८ इंची स्पीकरवर दचकायला होतं. ज्यांचे यूसीएच, यूएल सिरीजच्या व्हॉल्व्हचे, ट्रान्सफॉर्मर नसलेले सेट असतील त्यांनी यातलं काहीही करू नका, तिथे चासीच मेन्सवर असते.

आता नवीन कटकट, कन्व्हर्टरचं स्विचिंग मीडियम वेव्हवर शिट्ट्या मारतंय. त्याला फिल्टर लावायचा विचार होता, इंडक्टर काढूनही ठेवले होते, पण हे लिहिता लिहिता लक्षात आलं की बँडस्विचच्या (बँड बदलायच्या खटक्याच्या) वेफरवर, म्हणजे चकतीवर, एक कॉन्टॅक्ट रिकामा आहे. मॉड्यूलची सप्लाय त्याच्यातूनच नेली तर पीयूवर असतानाच ब्लूटूथ चालू, बँडवर आलो की बंद. इंडक्टर परत डब्यात.

अजून एक खूळ डोक्यात शिरलंय. पीयूवर ईएम ८४ मॅजिक आय (हिरव्या पट्टीने सिग्नलचा जोर दाखवणारी ट्यूब) मख्खासारखा बसून राहतो, कारण त्याला एव्हीसी (स्टेशनच्या जोरानुसार बदलणारं व्होल्टेज) मिळत नाही. ईसीएल ८६ च्या पेंटोडच्या अॅनोडवरून १ किलोव्होल्टच्या कपॅसिटरमधून ऑडिओ घेऊन रेक्टिफाय केला तर हिरवी पट्टी गाण्यावर नाचेल, टेपरेकॉर्डरमध्ये हीच ट्यूब लेव्हल दाखवायला असायचीच की. पट्टी पूर्ण मिटायला साधारण उणे २० व्होल्ट लागतात, तेवढे तिथे आरामात मिळतील. कोणी केलं असेल तर टाइम कॉन्स्टंट किती ठेवला ते सांगा, फार संथ पट्टी मला नकोय.