तुला माहीत नसणार

काल रात्री साडेअकराला अव्याने एक गाणं पाठवलं. खाली लिहिलेलं, "आत्ताच्या आत्ता ऐक, वेडी होशील. तुला माहीत नसणार." बघते तर टेलिव्हिजन पर्सनॅलिटीज या जुन्या पंक बँडचं 'पार्ट टाइम पंक्स'.

आता यात चिडण्यासारखं काय आहे, काही नाही, मलाही कळतं. पण मी आमचं चॅट वर सरकवत गेले, बारशाचे फोटो, लसीचे फॉरवर्ड, सोसायटीच्या भांडणाचा तो अख्खा महिना, आणि लॉकडाऊनच्या पहिल्या उन्हाळ्यात सापडलंच. हेच गाणं. मी पाठवलेलं. सोबत माझा हा एवढा मोठा पॅराग्राफ, कुठे सापडलं, का आवडलं, तुझी आठवण कशी आली. आणि त्याखाली त्याचा अंगठा. त्याच मिनिटाला. गाणं अडीच मिनिटांचं आहे अव्या.

म्हणजे वेळ नव्हता हे तरी सांगू नये कोणी. या पंकवाल्यांनी गाणी छोटी ठेवली ती काय उगाच? रमोन्स बँडचा पहिला आल्बम, 1976 चा, 14 गाणी, डोंबिवलीहून फास्ट पकडली तर घाटकोपर यायच्या आत अख्खा संपतो. मी काही त्याला चार तासांची मैफल पाठवली नव्हती.

आणि आता ऐकलं ते कसं, तर दुसरंच काहीतरी लावलेलं, ते संपलं आणि ॲपने आपलं आपण हे पुढे लावलं. बास. माझं ऐकलं नाही, ॲपचं ऐकलं. ॲपला काय माहीत आहे अव्याबद्दल? वाढदिवस माहीत आहे म्हणा. पण त्याचे बाबा गेले त्यानंतर तो वर्षभर काहीच लावायचा नाही घरात, ते... असो.

नचिकेतला सांगितलं तर तो अर्धवट झोपेत म्हणाला, "तुला त्याने गाणं ऐकायला हवंय की तू आधी शोधलंस हे ऐकायला हवंय?" आणि कूस बदलून झोपला. मी दीडपर्यंत जागी. असं काहीतरी बोलून झोपून जायची याची जुनी सवय आहे.

दोन्ही हवंय, हे खरं उत्तर. दुसरं जरा जास्त. लाज वाटते पण आहे तसं. आणि मी एकटीच अशी आहे असं मला अजिबात वाटत नाही. जॉन पील घ्या ना. बीबीसी रेडिओ वनवर आयुष्यभर लोकांना न ऐकलेली गाणी ऐकवली माणसाने, 1978 मध्ये डेरीच्या अंडरटोन्स बँडचं 'टीनेज किक्स' इतकं आवडलं की एकदा लावून झाल्यावर लगेच परत तेच लावलं. आणि आज त्याच्या थडग्यावर त्या गाण्यातले शब्द कोरलेत. गाणं केलं त्या पोरांनी आणि दगड याचा! याला म्हणतात क्रेडिट. मला दगड नको, "अरे हो, तूच पाठवलेलंस" एवढं चाललं असतं.

पूर्वी असं व्हायचं नाही, असं लिहिणार होते. कारण पूर्वी कॅसेट भरून द्यायचो. 90 ची कॅसेट भरायची तर दीड तास तिथे बसायला लागायचं, मधे फोन वाजला, आईने हाक मारली की पॉज. वर मग त्या कागदावर बारीक अक्षरात नावं. एवढं केल्यावर समोरच्याची टाप नव्हती न ऐकायची. आता मी बोट लावते आणि जातं, मग तोही बोटच लावणार. माझा पॅराग्राफ होता, पण तो तरी कोण वाचतं.

तर सकाळी अव्याची व्हॉइस नोट. सहा मिनिटांची! गाण्याच्या दुपटीहून मोठी. मला आधी टेलिव्हिजन पर्सनॅलिटीज कोण हे समजावून सांगितलंन, 1978, लंडन, स्वतःच काढलेली रेकॉर्ड, सगळं बरोबर. मी दात ओठ खात डबा भरत होते. आणि मग म्हणाला, "अगं गाण्यातली ती पोरं बघ, बसला पाच पेन्स टेकवतात, टूथपेस्ट वापरत नाहीत, पण क्लॅश बँडच्या शोला जायला अडीच पाउंड बरोबर असतात. आपणच की गं ते. व्हीटीपर्यंत विदाऊट जायचो आणि ऱ्हिदम हाऊसमध्ये सीडीला साडेचारशे काढायचो."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. इतक्या वेळा ऐकूनही. मी आपली त्या आरशासमोर उड्या मारण्याच्या जागी हसायचे, आई बाहेर गेली की बेडरूममध्ये पोगो करणारे ते, कारण ती मी होते, आई भाजीला गेली रे गेली की. विदाऊटचं सुचलंच नाही. त्याला सुचलं, कारण दादरला टीसीने पकडलं तेव्हा पैसे त्याने भरलेले. आणि ऱ्हिदम हाऊस 2016 लाच बंद झालं, त्याबद्दल आम्ही दोघं एकमेकांशी कधी नीट बोललोही नाही, ते आता व्हॉइस नोटमध्ये निघालं. लॉकडाऊनमध्ये याने माझं ऐकून ऐकलं असतं तर "मस्त आहे" म्हणाला असता आणि विषय संपला असता, बहुतेक.

त्याच गाण्यात आणखी एक जागा आहे, त्या पोरांना हवी असते एक सिंगल, पण तिची तबकडी लाल रंगाची नसते म्हणून ती सोडून लर्कर्स नावाच्या बँडची घेऊन येतात. ते परत ऐकताना आज जरा लागलं. मलाही बहुतेक लालच हवी होती.

स्क्रीनशॉट काढून ठेवलाय पण, तारखेसकट. त्याच्या पन्नाशीला भाषण करायला लावतीलच मला.

तोपर्यंत मी त्याला एवढंच लिहिलं, "भारी आहे रे, कुठे मिळालं?" आणि तो जो सुटलाय. आता यादी करतोय म्हणे माझ्यासाठी, मी "त्याच त्याच गाण्यांत अडकलेय" म्हणून. पहिलं नाव बझकॉक्स, म्हणजे पुन्हा पंक बँडच. अरे देवा. त्यांची पहिली रेकॉर्ड 'स्पायरल स्क्रॅच', जानेवारी 1977, घरच्यांकडून मित्रांकडून पैसे उसने घेऊन स्वतःच काढलेली, पहिल्यांदा 1000 प्रती, हे सगळं तो आत्ता मला टाइप करून सांगतोय आणि मी मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून लिहितेय, हो का? काय सांगतोस! मग पुढे?