लीजवर गाडी घेताय? हप्ता सगळ्यात शेवटी विचारा

ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतंच, लीजवर गाडी घेऊ का, हप्ता कमी बसतोय म्हणे. कमी बसतो हे खरंय, पण का बसतो हे कोणी विचारत नाही आणि सगळी गोम तिथंच आहे.

लोन काढलं की अख्ख्या गाडीचे पैसे फेडायचे असतात. लीजमध्ये गाडी तुमच्याकडे असताना तिची किंमत जेवढी उतरेल तेवढीच भरायची, वर व्याज, टॅक्स आणि फी. लीज संपताना गाडी कितीची उरेल हा आकडा पहिल्याच दिवशी करारात लिहिलेला असतो, त्याला म्हणतात रेसिड्युअल व्हॅल्यू.

समजा गाडी १०० ला आहे आणि ३ वर्षांनी ५५ ची राहील असं धरलंय. मग उतरलेले ४५ भरायचे ३६ महिन्यांत, म्हणजे महिन्याला १.२५, व्याज ६ टक्के धरलं तर त्याचे साधारण ०.३९, झाले १.६४. तीच गाडी त्याच व्याजाने ३ वर्षांच्या लोनवर घेतली तर हप्ता ३.०४ च्या आसपास जातो. निम्म्याजवळ! फक्त लोन फिटलं की गाडी तुमची, इथं किल्ली परत द्यायची.

आता गंमत बघा, लीज म्हटलं की किंमत फिक्स असं धरून लोक घासाघीसच करत नाहीत. करा! रेसिड्युअल बहुतेक वेळा छापील किमतीवर ठरते, त्यामुळे १०० ची गाडी ९५ ला पाडून घेतली तरी शेवटचे ५५ तसेच राहतात आणि हप्ता १.४९ वर येतो. व्याजाच्या जागी ०.००२५ असला काहीतरी मनी फॅक्टर दाखवला तर २४०० ने गुणा, वार्षिक टक्केवारी कळते (हे असं लपवून का लिहितात ते सांगायला नको).

डाउन पेमेंट जास्त भरून हप्ता अजून कमी करायचा मोह होतो, माझं मत विचाराल तर भरू नका. दोन महिन्यांत गाडी टोटल लॉस झाली तर इन्शुरन्सचे पैसे लीज कंपनीला जातात, तुम्ही आधी भरलेले बहुतेक वेळा गेले ते गेलेच. आणि इन्शुरन्सच्या रकमेत कंपनीचं येणं भागलं नाही तर वरचा फरकही तुमच्याच गळ्यात, म्हणून गॅप कव्हर, म्हणजे हा फरक भरून देणारा विमा, आहे का ते विचारा.

किलोमीटरची लिमिट असते, वर गेलात की दर किलोमीटरला चार्ज. रोजचं जाणंयेणं, सुट्टीतले लांबचे प्रवास सगळं धरून हिशोब करा, लिमिट सुरुवातीलाच वाढवून घेतलेली सहसा स्वस्त पडते. मध्येच लीज मोडणं मात्र फार महागात जातं, नोकरीचं किंवा गावाचं नक्की नसेल तर या फंदात पडूच नका.

परत देताना कंपनीचा माणूस गाडीभोवती फिरून बघतो, टायरची खाच मोजतो, पोचा-ओरखडा ठरलेल्या मापापेक्षा मोठा आहे का ते तपासतो आणि काचेला तडा असेल तर तोही लिहितो. किरकोळ घासलेलं चालतं, बाकीचं बिल येतं, त्यामुळे तारखेच्या महिनाभर आधी बाहेर दाखवून घ्या, बऱ्याचदा स्वस्तात काम होतं. आणि करारात विकत घ्यायची सोय असेल तर तशाच गाडीचा बाजारभाव बघून ठेवा, तो ५५ च्या वर निघाला तर परत कशाला देताय, घेऊन टाका.